मोठ्या इंजिनाचे दोन अस्त

गाडीची गोष्ट निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो ‘ॲव्हरेज किती देते?’ हा. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकात दीर्घकाळ पहिला प्रश्न निराळा होता: इंजिन केवढे? १९७० सालच्या कॅडिलॅक एल्डोराडोचे इंजिन ८.२ लिटरचे होते. आठ सिलिंडरांपैकी एकेकाचे आकारमान हजार घन सेंटिमीटरहून अधिक! आपल्या मारुती ८०० चे संपूर्ण इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे होते, हे ध्यानी घेतले म्हणजे दोन समाजांतले अंतर कळते.

हे महाकाय पेट्रोल इंजिन आता मावळत आहे आणि विजेची मोटार त्याची जागा घेत आहे, असे सर्वत्र लिहिले जाते. ते खोटे नाही. पण या इंजिनाचा हा पहिला अस्त नव्हे, याचा बहुधा विसर पडतो. पहिला अस्त १९७० च्या दशकात झाला. त्याची कथा आम्हांस अधिक उद्बोधक वाटते, कारण तीत नायक आणि मारेकरी एकच आहे.

त्याचे नाव एडवर्ड कोल. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे दोन रांगांत चार-चार सिलिंडर बसविलेले इंजिन त्याने शोधले नव्हे. कॅडिलॅकने ते १९१४ मध्येच बाजारात आणले होते आणि १९३२ मध्ये हेन्री फोर्डने ते सामान्य माणसाच्या गाडीत बसविले होते. परंतु १९५५ मध्ये शेवरलेचा मुख्य अभियंता असलेल्या कोलच्या देखरेखीखाली जे हलके, स्वस्त व्ही-आठ इंजिन तयार झाले, त्याने घराघरांत ठाण मांडले. त्या कुळातील इंजिनांची संख्या २०११ मध्ये दहा कोटींवर गेली.

या बळाच्या मुळाशी एक विष होते. सिलिंडरात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके त्याच इंधनातून अधिक काम मिळते. मात्र दाब वाढला की मिश्रण अवेळी पेट घेते आणि इंजिन ठोके देऊ लागते. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली याने १९२१ मध्ये यावर उपाय शोधला: पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळणे. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग तयार करणारे पाच कामगार विषबाधेने दगावले. वृत्तपत्रांत गदारोळ झाला, विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. पुढील अर्धशतकभर प्रत्येक मोठ्या इंजिनाच्या धुरातून शिसे बाहेर पडत राहिले. त्याचा हिशेब इंजिनाच्या किमतीत कोणीच धरला नाही.

१९७० पर्यंत कोल जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला होता. शहरांवरील धुराचे सावट असह्य झाले होते आणि कडक कायदा येणार हे दिसत होते. धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत प्लॅटिनमसारख्या धातूंचा लेप असतो. शिसे त्या लेपाला निकामी करते. म्हणजे धूर स्वच्छ हवा असेल तर शिसे जायला हवे. शिसे गेले की दाब कमी करायला हवा. आणि दाब घटला की शक्ती घटणार. कोलने ही साखळी डोळसपणे स्वीकारली. १९७१ च्या गाड्यांपासून कंपनीने इंजिनांतील दाब उतरविला. १९७० च्या अखेरीस स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि १९७५ पासून धूर शुद्ध करणारी यंत्रणा गाड्यांत आली. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत हे विष जन्मले, तिच्याच अध्यक्षाने ते काढण्यात पुढाकार घेतला, हा इतिहासातील एक विलक्षण न्याय म्हटला पाहिजे.

परिणाम आकड्यांत दिसतो. एल्डोराडोच्या त्याच ८.२ लिटर इंजिनाची जाहीर शक्ती १९७० मध्ये ४०० अश्वशक्ती होती; १९७६ मध्ये ती १९० वर आली. मोजण्याची पद्धत मध्यंतरी बदलली, म्हणून सगळी घट खरी मानता येत नाही. तरीही ऱ्हास मोठाच होता. दरम्यान ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा झाला. दुसरा आकडा मात्र अभिमानाचा आहे. अमेरिकी नागरिकांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण १९७० च्या दशकाच्या अखेरीस दर डेसिलिटरला १२.८ मायक्रोग्रॅम होते. १९९० च्या सुमारास ते २.८ वर आले. गाडी थोडी मंदावली, मुले वाचली.

तरीही मोठे इंजिन मेले नाही. बचतीचे नियम मालवाहू वर्गातील गाड्यांस सौम्य होते. ते तिथे आश्रयास गेले आणि संगणकाच्या मदतीने पुन्हा बलवान झाले. डॉजच्या चॅलेंजर हेलकॅटने २०१५ मध्ये ७०७ अश्वशक्ती गाठली.

दुसरा अस्त डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडातील ब्रॅम्प्टन येथे दिसला. तिथे अखेरची व्ही-आठ चॅलेंजर बाहेर पडली आणि सुमारे तीन हजार कामगारांचा कारखाना नव्या गाडीची वाट पाहू लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती गाडी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात बनविण्याचे कंपनीने जाहीर केले. चॅलेंजरनंतर आलेल्या डॉजच्या विजेच्या चार्जरमध्ये एक कृत्रिम आवाज बसविला आहे. जुन्या इंजिनाच्या दोन रांगांतले स्फोट समान अंतराने होत नसत, त्यातून ती घरघर उपजे. आता ती ध्वनियंत्रातून काढावी लागते. माणसे शक्तीवर नव्हे तर स्मृतीवर प्रेम करतात, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

आणि हा अस्तही सरळ रेषेत जात नाही. जून २०२५ मध्ये रॅम या ट्रकमध्ये हेमी व्ही-आठ परत येत असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी अमेरिकेत इंधनबचतीच्या नियमभंगाचा दंड शून्यावर आला आणि सप्टेंबरअखेर विजेच्या गाडीवरील केंद्रीय करसवलत संपली. पूर्वी कायद्याने इंजिन लहान झाले. आता कायदा सैल होताच ते डोके वर काढते. यंत्राचे आयुष्य केवळ यंत्रज्ञाच्या हाती नसते, समाज कोणती किंमत मोजावयास तयार आहे यावर ते ठरते.

आम्हांस विजेच्या मोटारीचे स्वागतच आहे. परंतु शिशाने घातलेला धडा तिलाही लागू आहे. शिशाचे मोल बेवेच्या कामगारांनी १९२४ मध्येच चुकविले होते. जगाने ते मोजायला पन्नास वर्षे लावली. आज बॅटरीतील कोबाल्ट मोठ्या प्रमाणात काँगोमधून येते आणि तिथल्या खाणींत लहान मुलेही राबतात. तो हिशेब तरी आपण नव्या यंत्राच्या म्हातारपणी नव्हे, तारुण्यातच मांडावयास हवा.