मार खाण्याचा सराव

१९५९ सालच्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात, क्लार्क मेमोरियल मेथॉडिस्ट चर्चच्या तळघरात, कॉलेजची मुले-मुली एकमेकांना शिव्या घालत होती. काही जण खुर्च्यांवर ओळीने बसत. बाकीचे त्यांच्या तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, केस ओढत, खुर्चीवरून खाली खेचत. मग अदलाबदल होई. खाली पडल्यावर दोन्ही हातांनी डोके कसे झाकायचे, गुडघे पोटाशी कसे घ्यायचे, शेजारच्याला जास्त मार बसत असेल तर मध्ये पडून तो कसा वाटून घ्यायचा, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे सगळे पुन्हा पुन्हा घोटून घेतले जाई. हे वर्ग घेणारे जेम्स लॉसन तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत होते, म्हणजे स्वतःही विद्यार्थीच होते.

पुढच्या काही महिन्यांत या मुलांची छायाचित्रे जगभर गेली. अंगावर हात टाकला तरी जागेवरून न उठणारी, कोट-टायमधली शांत कृष्णवर्णीय मुले पाहून अनेकांना वाटले की हा उपजत सोशिकपणा असावा. तो तसा नव्हता. तो महिनोन्‌महिने शिकवलेला होता आणि शिकवणाऱ्याने त्यातला बराच भाग नागपुरात राहून आत्मसात केला होता.

लॉसन यांचा जन्म १९२८ चा, पेनसिल्वेनियातल्या युनियनटाउनचा. वाढले ते ओहायोतल्या मॅसिलॉन गावात. वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. लहानपणी एका गोऱ्या मुलाने रंगावरून शिवी दिली म्हणून जेम्सने त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला सांगितले. आईने शांतपणे विचारले, त्यातून काय साधले? या प्रश्नाने आपल्याला घडवले, असे लॉसन आयुष्यभर सांगत राहिले. कॉलेजात असताना कोरियाचे युद्ध सुरू झाले. धर्मशिक्षणाच्या आधारे त्यांना लष्करी भरतीतून सूट मिळू शकली असती. ती न मागता त्यांनी भरतीलाच नकार दिला आणि वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला.

सुटकेनंतर १९५३ मध्ये मेथॉडिस्ट चर्चने त्यांना नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पाठवले. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८८३ मध्ये सुरू केलेले हे कॉलेज. तिथे लॉसन खेळांचे प्रशिक्षक होते आणि विद्यार्थ्यांमध्ये धर्मकार्यही करत. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच शहरात झाला होता, गांधीजींचा सेवाग्राम आश्रम जवळच वर्ध्याला होता आणि गांधीजींना जाऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. सत्याग्रहात तुरुंग भोगून आलेली माणसे अजून हयात होती, कामात होती. लॉसन यांनी गांधीविचाराचा अभ्यास इथे जवळून केला. सत्याग्रहाला तयारी लागते, शिस्त लागते, टप्पे असतात, वाटाघाटीची दारे उघडी ठेवावी लागतात, हे त्यांच्या मनात पक्के झाले.

१९५५ च्या डिसेंबरात नागपूरच्या वृत्तपत्रात त्यांनी एक बातमी वाचली. अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला होता आणि मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण पाद्री त्याचे नेतृत्व करत होता. आपल्या देशात आपल्या लोकांनी हे सुरू केले, या आनंदाने ते अक्षरशः ओरडले आणि नाचले. १९५६ मध्ये ते अमेरिकेला परतले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ओबरलिन कॉलेजात किंग यांची भेट झाली. लॉसन म्हणाले, शिक्षण संपवून दक्षिणेत येईन. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. तुमच्यासारखा दुसरा कोणी आमच्याकडे नाही. लॉसन यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडले आणि १९५८ च्या सुरुवातीला नॅशव्हिल गाठले.

त्यांच्या तळघरातल्या वर्गाला येणारे विद्यार्थी फिस्क विद्यापीठ, अमेरिकन बॅप्टिस्ट सेमिनरी अशा संस्थांमधले होते. डायेन नॅश शिकागोची. दक्षिणेतला भेदभाव तिने तोवर इतक्या उघडपणे अनुभवला नव्हता. जॉन लुइस अलाबामाच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, बोलताना अडखळणारा. शिवाय बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हेल, मॅरियन बॅरी. कुठल्या प्रश्नाला हात घालायचा, हेही वर्गातच चर्चेने ठरले. गावातल्या बायकांनी सांगितले की शहराच्या मध्यवर्ती दुकानांत आमचे पैसे चालतात, पण खरेदी करून दमल्यावर तिथल्या लंच काउंटरवर मुलांना घेऊन बसता येत नाही. लढा तिथूनच सुरू करायचे ठरले. चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या काउंटरवरच्या कॉफीच्या पेल्याची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

वर्षअखेरीस दोन दुकानांत चाचपणी झाली. तेवढ्यात १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसले आणि देशभर खळबळ उडाली. नॅशव्हिलची मुले तयारच होती. १३ फेब्रुवारीला शंभराहून अधिक विद्यार्थी शिस्तीत निघाले. लुइस आणि लाफायेट यांनी नियमांचा कागद तयार केला: उलटून मारू नका, शिवीला शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. २७ तारखेच्या शनिवारी गोऱ्या टोळक्यांनी त्यांना मारहाण केली आणि पोलिसांनी मार खाणाऱ्यांनाच पकडले. अटक झालेल्यांच्या जागी विद्यार्थ्यांची दुसरी तुकडी येऊन बसली, मग तिसरी. त्या दिवशी ऐंशीच्या आसपास विद्यार्थी कोठडीत गेले. न्यायालयाने दंड ठोठावला, तेव्हा अनेकांनी दंड न भरता तुरुंग पत्करला.

याची किंमत शिक्षकालाही मोजावी लागली. स्थानिक वृत्तपत्राने लॉसन यांच्याविरुद्ध मोहीम उघडली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हँडरबिल्टने त्यांना काढून टाकले. निषेध म्हणून धर्मशास्त्र विभागातल्या बहुतेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. लॉसन यांनी पदवी बोस्टन विद्यापीठातून घेतली.

इकडे कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरच्या खरेदीवर बहिष्कार टाकला. व्यापाऱ्यांचे गल्ले रिकामे राहू लागले. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब पडला. लूबी पती-पत्नी वाचले. त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा एक शब्दही न बोलता नगरभवनावर चालत गेला. पायऱ्यांवर डायेन नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारले, केवळ रंगावरून भेदभाव करणे तुम्हाला योग्य वाटते का? महापौरांनी कबूल केले की नाही वाटत. १० मे रोजी शहरातल्या सहा दुकानांचे काउंटर सर्वांसाठी खुले झाले. डायेनचा हा प्रश्नही तयारीतूनच आलेला होता. समोरच्याला शत्रू न मानता त्याच्या सद्सद्विवेकाला हाक घालायची, हे तिला वर्गात शिकवलेले होते.

त्याच एप्रिलमध्ये रॅली शहरात चळवळीतल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या एला बेकर यांनी बोलावलेल्या परिषदेत विद्यार्थ्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. तिचे उद्दिष्टपत्र लॉसन यांनी लिहिले. पण इथून पुढे गुरू-शिष्यांची जागा बदलताना दिसते. १९६१ मध्ये आंतरराज्य बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या स्वातंत्र्ययात्रेतली एक बस अॅनिस्टन येथे जाळली गेली, प्रवाशांना बर्मिंगहॅममध्ये रक्तबंबाळ होईपर्यंत मारले गेले आणि मूळ यात्रा थांबली. ती पुढे न्यायचीच, असा निर्धार डायेन नॅश आणि नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी केला. माँटगोमेरीहून मिसिसिपीतल्या जॅक्सनला निघालेल्या बसमध्ये लॉसन त्यांच्याबरोबर बसले आणि जॅक्सनला पोहोचताच अटक करून घेतली. धर्मोपदेशकाचे काम चर्चच्या चार भिंतींत मावत नाही, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून कृतीत करून घेतले.

पुढची धर्मसेवा याच वळणाची राहिली. १९६२ पासून ते मेम्फिसच्या सेंटेनरी मेथॉडिस्ट चर्चचे पाद्री होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी तिथे दोन सफाई कामगार कचरा दाबणाऱ्या गाडीत चिरडून मेले. सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. ‘मीही माणूस आहे’ अशा अर्थाचे फलक गळ्यात अडकवून ते रोज मोर्चा काढत. संपाला पाठिंबा देणाऱ्या समितीची सूत्रे लॉसन यांच्याकडे होती आणि त्यांनीच किंग यांना मेम्फिसला बोलावले. ४ एप्रिलला किंग यांची तिथे हत्या झाली. बारा दिवसांनी कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळाली, पगारवाढही मिळाली.

१९७४ मध्ये लॉसन लॉस एंजेलिसच्या होलमन मेथॉडिस्ट चर्चमध्ये गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे होते. हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या स्त्रिया, कार्यालये झाडणारे स्थलांतरित यांच्या संघटना त्या शहरात उभ्या राहत होत्या. त्यांच्या कार्यकर्त्यांनाही लॉसन यांनी नॅशव्हिलचेच धडे दिले. इकडे जॉन लुइस अमेरिकन संसदेत पोहोचले आणि मॅरियन बॅरी राजधानी वॉशिंग्टनचे महापौर झाले. ज्या व्हँडरबिल्टने लॉसन यांना हाकलले होते, त्याने चुकीची जाहीर कबुली देऊन २००६ मध्ये त्यांना अध्यापनासाठी सन्मानाने बोलावले. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२१ मध्ये आपल्या कामगार केंद्राच्या इमारतीला त्यांचे नाव दिले. जून २०२४ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. त्याच विद्यापीठात अहिंसक चळवळींवरचा वर्ग ते नव्वदी ओलांडल्यावरही घेत होते आणि त्या वर्गात स्थलांतरितांच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेली नवी मुले बसलेली असत.