नाल्याकाठची लवंग: एका पिवळ्या फुलाच्या नावांचा इतिहास

हा भाग तुम्ही पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये ऐकत असाल, तर एक सोपं काम सांगतो. मोशीचा इंद्रायणीचा पूल ओलांडून बस चाकणच्या दिशेला लागली, की रस्त्याकडेच्या पाणी साठलेल्या चरांकडे बघा. पावसाळा सरत आला की अशा ओल्या जागी कमरेएवढी झुडपं उभी राहतात. चालत्या बसमधून फक्त पिवळे ठिपके दिसतील. ट्रॅफिक तुंबला, आणि तो तुंबतोच, तर चार पाकळ्याही मोजता येतील.

हे झुडूप म्हणजे पाणलवंग. बहुतेकांच्या लेखी तण. आजची गोष्ट तिच्या नावाची आहे.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून. मागच्या पावसाळ्यात मी इंद्रायणीकाठी या फुलाचा फोटो काढला. मोबाईलमधल्या ॲपने दोन सेकंदांत नाव सांगितलं: लुडविजिया ऑक्टोव्हाल्विस. म्हटलं, शंभर वर्षांपूर्वी आपल्या भागात ही होती का ते बघू. घरी येऊन थिओडोर कुकच्या पुस्तकाची पीडीएफ उघडली. हे कुकसाहेब पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य होते. तेव्हा त्याला कॉलेज ऑफ सायन्स म्हणत. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात भागाभागाने निघाला. आजही या विषयात पहिला आधार तोच घेतात. पण त्यात लुडविजिया ऑक्टोव्हाल्विस सापडेचना! मला वाटलं, म्हणजे ही नंतर कुठून तरी आली असणार.

साफ चूक. पाणलवंग त्या पुस्तकात आहेच, फक्त दुसऱ्या नावाने: जुसिया सफ्रुटिकोसा. झाड तेच, नाव वेगळं. असं का झालं, ते समजायला मागे जावं लागतं. थेट सतराव्या शतकात, केरळात.

तेव्हा कोचीनला डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता हेन्ड्रिक व्हान रीड. त्याने मलबारच्या वनस्पतींवर 12 खंडांचा चित्रमय ग्रंथ करवून घेतला: 'होर्टुस मलाबारिकुस'. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. या कामात इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि आपल्या कोंकणी मुलखाशी नातं असलेले तिघे जण होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. या तिघांनी 1675 साली देवनागरी लिपीत, कोंकणीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात देवनागरी, आणि तीही झाडांच्या पुस्तकात!

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात ओळीने तीन चित्रं आहेत. करांबू, काट्टु-करांबू आणि नीर-करांबू. काट्टु म्हणजे रानटी, नीर म्हणजे पाणी. काट्टु-करांबू म्हणजे आपली पाणलवंग. करांबू म्हणजे काय, हे मी मुद्दाम शेवटी सांगणार आहे. तोवर धीर धरा.

आता 1753. स्वीडनचा लिनियस जगभरच्या वनस्पतींना दोन शब्दी नावं देत होता. वर्गीकरणाची त्याची पद्धत अगदी हिशेबी होती: फुलातले पुंकेसर मोजा. अमुक इतके असले तर हा वर्ग, तमुक इतके असले तर तो. त्यामुळे चार पुंकेसरवाली झाडं एका खणात गेली आणि त्यांचं नाव पडलं लुडविजिया, लाइपझिगच्या लुडविग या प्राध्यापकावरून. त्यांच्यासारखीच दिसणारी, पण दुप्पट पुंकेसरवाली झाडं गेली दुसऱ्या खणात. ती झाली जुसिया, पॅरिसच्या बेर्नार द ज्युसिअवरून. पाणलवंगेत पुंकेसर आठ, म्हणून ती जुसिया. तिची छोटी बहीण लुडविजिया पेरेनिस आपल्याकडे त्याच चिखलात वाढते, पण तिच्यात पुंकेसर साधारण चार. झालं, दोघी बहिणींची ताटातूट!

पुढे 1760 साली जॅकविन या शास्त्रज्ञाने कॅरिबियन बेटांवरच्या वनस्पतींच्या यादीत हेच झाड तिसऱ्याच नावाने नोंदवलं: ओएनोथेरा ऑक्टोव्हाल्विस. ओएनोथेरा म्हणजे इव्हिनिंग प्रिमरोझ, संध्याकाळी उमलणारं फूल. मेडिकलमध्ये त्याच्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात, तेच हे. ऑक्टोव्हाल्विस म्हणजे आठ झडपांचं, कारण पाणलवंगेची बोंडं वाळली की उभी उकलतात. नाव चुकलं होतं, पण नातं बरोबर होतं. 1789 साली बेर्नारच्या पुतण्याने, आंत्वान लोराँ द ज्युसिअवने, इव्हिनिंग प्रिमरोझ आणि तिच्या नातलगांचं एक कुळ मांडलं. आज त्याला ऑनॅग्रेसी म्हणतात, आणि पाणलवंग त्यातच बसते.

दोन बहिणींची ताटातूट मात्र दोनशे वर्षं टिकली. ती मोडायचं मोठं काम केलं पीटर रेवन या पंचविशीतल्या अमेरिकन तरुणाने, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला. जुन्या जगातल्या या सगळ्या जाती तपासून त्याने दाखवलं, की नुसत्या पुंकेसरांच्या संख्येवरून नातं ठरत नाही. चारवाल्या काही जातींचे जवळचे भाऊबंद आठवाल्यांत सापडतात. मग जुसिया हे नावच बाद झालं आणि सगळ्या जाती लुडविजियात आल्या. काकाचं नाव गेलं, पुतण्याचं कुळ राहिलं!

इथे एक गंमत आहे. मग पाणलवंग 'लुडविजिया सफ्रुटिकोसा' का झाली नाही? कारण ते नाव 1788 सालीच अमेरिकेतल्या एका वेगळ्या झाडाला दिलेलं होतं. इन्स्टावर येतं ना, 'हे यूजरनेम आधीच घेतलेलं आहे', अगदी तसंच. म्हणून नियमाप्रमाणे जॅकविनचा 1760चा शब्द उचलला आणि झालं लुडविजिया ऑक्टोव्हाल्विस. माझ्या ॲपने सांगितलेलं नाव ते हे.

कुकच्या पुस्तकात याच ऑनॅग्रेसी कुळात आणखी एक ओळखीचं नाव भेटतं: शिंगाडा. होय, उपासाच्या पिठाचा शिंगाडा. त्या काळी तो याच घरात मोजत. पुढे त्याचं स्वतंत्र कुळ केलं गेलं. आज डीएनएच्या आधारे त्याला मेंदी, डाळिंब आणि तामण यांच्या कुळात ठेवतात. तामण म्हणजे आपलं राज्यफूल. त्या कुळात शिंगाड्याचा सगळ्यात जवळचा नातलग कोण, ठाऊक आहे? खाडीतली चिपी. तिची पांढरी जात 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. तळ्यातला शिंगाडा आणि खाडीतली चिपी सख्खे शेजारी निघतील, असं नुसतं बघून कोणाला वाटलं असतं?

आता करांबू. मल्याळममध्ये करांबू म्हणजे लवंग! नीर-करांबू म्हणजे पाण्यातली लवंग, म्हणजे शब्दशः पाणलवंग. हिंदीतही तिला बनलौंग म्हणतात. मलबारपासून महाराष्ट्रापर्यंत लोकांना एकच गोष्ट दिसली. पाकळ्या गळल्यावर जे लांबट बोंड उरतं, त्याच्या डोक्यावर चार हिरवी टोकं तशीच राहतात. ती म्हणजे शाळेत शिकलेली निदलं. स्वयंपाकघरातली एक लवंग हातात घ्या. खाली दांडा, वर चार टोकं. तोच आकार!

दोन्हींत अंडाशय निदलांच्या खाली असतो, म्हणून हा आकार येतो. आणि आजच्या वर्गीकरणात लवंगेचं कुळ, ज्यात जांभूळ आणि पेरूही आहेत, आणि पाणलवंगेचं कुळ एकाच गणात आहेत: मिर्टेलीस. म्हणजे लांबचे का होईना, नातेवाईकच. नाव ठेवणाऱ्यांनी काही वंशावळ काढली नव्हती, त्यांना फक्त सारखेपणा दिसला. पण लिनियस आत पुंकेसर मोजत बसला, तेव्हा या लोकांचं लक्ष बोंडाच्या टोकांकडे होतं. आणि ती खूण जास्त खोल निघाली.

तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा आपल्याला काय उपयोग? बघा. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये भाताची खाचरं प्लॉट झाली, ओढ्यांना सिमेंटच्या भिंती आल्या, पवनेवर दरवर्षी जलपर्णी पसरते. इथलं काय गेलं आणि काय टिकलं, हे कधी तरी कोणाला तरी मोजावं लागेल. तेव्हा जुन्या यादीत जुसिया आणि नव्या यादीत लुडविजिया बघून कोणी लिहील, एक झाड नाहीसं झालं आणि एक नवं आलं. मी तेच करून बसलो होतो. नावांची साखळी माहीत नसेल, तर हिशेबच चुकतो.

तर या आठवड्याचं काम: चरातलं ते फूल दिसलं, की फोन जवळ नेऊन फोटो काढा आणि पुंकेसर मोजा. चार की आठ? तारीख आणि जागा लिहून ठेवा. सकाळीच जा बरं, कारण पाकळ्या फार वेळ टिकत नाहीत.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाचत राहा!