पाण्याखालचे देव

कंबोडियातल्या सिएम रीपहून सुमारे ५० किलोमीटरवर, कुलेन डोंगररांगेत क्बाल स्पिअन आहे. गाडी पायथ्याशी ठेवून जंगलातून, मुळांवर आणि खडकांवर पाय रोवत दीड किलोमीटर चढावं लागतं.

वर मंदिर नाही. आहे तो ओढा, आणि त्याच्या वालुकाश्माच्या तळावर रांगांनी कोरलेली शेकडो शिवलिंगं. शेषशायी विष्णूपाशी मात्र सावकाश थांबावं. पायाशी लक्ष्मी, नाभिकमळावर ब्रह्मदेव. क्षीरसागर दगडात घडवण्याची गरजच शिल्पकारांना पडली नाही. पावसाळ्यात वाहतं पाणीच देवावरून जातं. इतकी धाडसी कल्पना क्वचितच सुचते.

हे काम मुख्यतः अकराव्या शतकातलं, पहिला सूर्यवर्मन आणि दुसरा उदयादित्यवर्मन या राजांच्या काळातलं. कुलेन हाच ख्मेरांचा महेंद्रपर्वत, इ.स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्मननं इथेच स्वतःला चक्रवर्ती म्हणवून घेतलं, असं मानतात. लिंगांवरून पावन झालेलं पाणी खाली अंगकोरच्या परिसरात उतरे.

कर्नाटकात शिरसीजवळ शाल्मलेच्या पात्रातलं सहस्रलिंग पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

१९६० च्या दशकाअखेरीस फ्रेंच अभ्यासक झाँ बूल्बे इथे पोचले आणि बाहेरच्या जगाला ही जागा कळली. लगेच यादवी पेटली, आणि सुरुंगांच्या भीतीनं ही वाट कित्येक वर्षं बंद राहिली. चोरांनी काही शिल्पं तोडूनही नेली. आता वाट मोकळी आहे. जायचं तर पावसाळ्याच्या अखेरीस जावं; कडक उन्हाळ्यात इथला धबधबा आटतो.