खिमा पॅटी (घरगुती, नागपूर)

बर्गरच्या पावात घालण्यासाठी खिम्याची चपटी वडी थापून तव्यावर भाजतात, ती खिमा पॅटी. मूळ पदार्थ गोमांसाचा. नागपूरच्या घरांत तो बोकडाच्या खिम्याचा होतो, काही घरांत कोंबडीच्या. या शहराचा हात खिम्याच्या कबाबावर बसलेला आहे, त्यामुळे पॅटीचा खिमाही बहुधा कबाबासारखाच मळला जातो. घरची पॅटी चामट झाली, दाबल्यावर रबरासारखी उसळली, की दोष मसाल्याला दिला जातो. खरे कारण मीठ कधी घातले आणि खिमा किती मळला यात सापडते. म्हणून या नोंदीत मसाल्याआधी मीठ येते.

पूर्वपीठिका. हॅम्बुर्ग या जर्मन बंदराचे नाव लागलेला कुटलेल्या मांसाचा पदार्थ एकोणिसाव्या शतकात स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेला आणि तिथे पावात बसला. भारतात मॅकडोनाल्ड्सची पहिली दुकाने ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्ली आणि मुंबईत उघडली. त्यांनी गोमांस व डुकराचे मांस दोन्ही वगळले आणि सुरुवातीचा महाराजा मॅक मटणाच्या पॅटीचा केला. पुढे ती पॅटी कोंबडीची झाली. महाराष्ट्रात १९७६च्या प्राणिरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होतीच, मार्च २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशी-रेड्यांचे मांस या बंदीबाहेर आहे, पण बहुतेक घरांत ते शिजत नाही. नागपूरच्या पॅटीचा विचार म्हणूनच बोकडापासून करावा लागतो. अमेरिकी पाककृतीत गोमांसाच्या जागी मटण घालून काम भागत नाही, कारण दोन्ही मांसांची चरबी वेगळी वागते.

शहरात खिम्याच्या दोन जुन्या परंपरा आहेत. मोमिनपुऱ्यातला सीख कबाब ही एक. रमजानच्या रात्री तिथल्या शेगड्यांवर तो आजही भाजला जातो. दुसरी हलबा कोष्टी विणकरांच्या सावजी स्वयंपाकातली, जिथे खिमा रश्शात किंवा तेलावर परतून शिजतो. मराठी घरांत, विशेषतः सीकेपी स्वयंपाकात, बटाट्याच्या पारीत शिजवलेला खिमा भरून तळलेले पॅटिसही होते. यांतल्या एकाही पदार्थात कच्चा खिमा सैलसर धरून थेट तव्यावर टाकत नाहीत. सीख कबाबाला सळईवर टिकायचे असते, म्हणून तो मीठ घालून चांगला मळतात आणि मुरू देतात. शामी कबाबाचा खिमा हरभऱ्याच्या डाळीबरोबर आधी शिजतो आणि मग वाटला जातो. हे दोन्ही संस्कार आपापल्या जागी अचूक आहेत. पॅटीला मात्र दोन्ही मारक.

खिमा आणि चरबी. बोकडाचे मटण मुळात कमी चरबीचे. नुसत्या रानाचा खिमा केला तर पॅटी कोरडी आणि दाणेदार होते. दस्ताचे मांस घ्यावे आणि त्यात चरबी घालायला खाटकाला सांगावे: ४०० ग्रॅम मांसाला १०० ग्रॅम चरबी. गुर्द्याभोवतीची पांढरी चरबी फार कडक असते, त्यापेक्षा सीन्याची बरी. बोकडाच्या चरबीचा एक गुण ध्यानात ठेवावा लागतो. ती वितळायला तोंडातल्या उष्णतेपेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे पॅटी गार झाली की टाळूला मेणचट थर बसतो. मटणाची पॅटी तव्यावरून उतरताच खायची असते. पाहुणे यायच्या तासभर आधी भाजून ठेवली, तर बाकी सारी मेहनत वाया जाते.

खिमा जाडा हवा, यंत्रातून एकदाच काढलेला. दोनदा काढलेला बारीक खिमा कबाबासाठी उत्तम, पण पॅटीत तो लगदा होतो. रविवारी सकाळी दुकानातून आणलेले मटण बहुधा त्याच सकाळी कापलेले आणि अजून कोमट असते. असे मांस गार होऊन मुरलेल्या मांसापेक्षा अधिक चिकटते, म्हणून खिमा आणल्याबरोबर थापायला घेऊ नये. काही तास फ्रीजमध्ये ठेवावा. नागपुरात याला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, स्वयंपाकघरही तापलेले असते आणि हाताळता हाताळता चरबी मऊ पडून मांसावर माखली जाते. मग ती तव्यावर एकदम सुटून वाहून जाते आणि पॅटीत काही उरत नाही. परातसुद्धा फ्रीजमध्ये गार करून घ्यावी, हात थंड पाण्याने धुवावेत आणि खिमा अगदी शेवटी बाहेर काढावा.

मीठ. मांसात मायोसिन नावाचे प्रथिन असते. मीठ लागले की ते विरघळून चिकट होते आणि मळताना त्याचे धागे एकमेकांत गुंततात. सीख सळईला धरून राहते ती याच बळावर, सॉसेजची लवचीक घट्ट चावही याचीच. पॅटीत हवी असते भुसभुशीत, तोंडात सुटणारी चाव, म्हणजे नेमकी उलट गोष्ट. त्यासाठी मीठ खिम्यात मिसळायचेच नाही. पॅट्या थापून झाल्या, तवा तापला, की टाकण्याआधी दोन्ही बाजूंनी भुरभुरवायचे. अर्धा किलो खिम्याला साधारण ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा सपाट एक चहाचा चमचा पुरतो. ‘आत मीठ लागत नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या पॅटीचा प्रत्येक घास वरच्या आणि खालच्या खरपूस थरासकट तोंडात जातो, शिवाय पावात आणि चटणीत मीठ असतेच. ज्याला तरीही आत मीठ हवे वाटते, त्याने ते थापण्याच्या क्षणी घालावे; रात्रभर मुरवण्याचा तर विचारही करू नये.

कच्ची पपई इथे वर्ज्य मानावी. तिच्यातले पपेन मांसाचे धागे तोडते. मोठ्या तुकड्यांना ते उपकारक, पण खिम्याचे धागे यंत्राने आधीच तुटलेले असतात आणि पपईने त्याचा चोथा होतो. आल्यातही असे विकर आहे, म्हणून आले-लसणाची गोळी घालायची तर थोडी आणि तव्याजवळ उभे राहूनच. कच्चा कांदा चिरून मिसळला तर पाणी सुटते आणि पॅटी भेगाळते. तो आधी परतून गार करावा, किंवा पावात कच्च्या चकत्या ठेवाव्यात. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे.

मसाला. सावजी मसाल्याचा मोह नागपुरात होणारच, आणि तो रास्त आहे. धणे, मिरे, लवंग, दालचिनी, मोठी वेलची, दगडफूल, खसखस, सुके खोबरे असा हा भाजून वाटलेला मसाला घरागणिक बदलतो, पण त्याची घडण सर्वत्र रश्शासाठी झालेली आहे. रश्शात तो तेलात परततो, मग मटणाबरोबर बराच वेळ शिजतो आणि तेव्हा कुठे दगडफुलाचा तो धुरकट, मातकट वास पाण्यात उतरतो. पॅटीला तव्यावर आठ-दहा मिनिटे मिळतात. कोरडा मसाला खिम्यात तसाच मिसळला तर आत कच्चा राहतो, आणि वरून चोळला तर तापल्या तव्यावर जळून सगळ्या घराला ठसका लागतो. उपाय सोपा आहे. अर्धा किलो खिम्याला दोन चहाचे चमचे मसाला चमचाभर तेलात मंद आचेवर वास सुटेपर्यंत परतावा, पूर्ण गार करावा आणि मग खिम्यावर पसरावा. सावजी स्वयंपाकाचा जुना संबंध जवसाच्या तेलाशी आहे, पण कच्च्या घाण्याचे जवस तेल थोड्या आचेवरच धुरते आणि कडवट होते. पॅटी भाजायला शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल घ्यावे.

तिखटासाठी जिल्ह्यातलीच भिवापुरी मिरची आहे, भौगोलिक निर्देशांक मिळालेली. तिचे तिखटही त्याच परतलेल्या मसाल्यात जावे. मिरे मात्र परतू नयेत. जाडसर कुटून मिठाबरोबर वरून लावावेत. एवढ्या मसाल्यातही मटणाची चव पुढे राहिली पाहिजे. रश्शाइतका मसाला भरलेली पॅटी पावात बसवल्यावर एकसुरी लागते, कारण तो झणका वाटून घ्यायला तिच्याबरोबर ना पातळ रस्सा असतो ना भाकरी.

थापणे आणि भाजणे. बीफच्या पॅटीत बांधणीसाठी काही घालत नाहीत आणि शुद्धतावाद्यांचा तसाच आग्रह असतो. मटणाच्या बाबतीत तो आग्रह सोडावा. खिमा आतपर्यंत शिजवणे भाग असते. अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तर बहुतेक वरच्या पृष्ठावर असतात, खिमा करताना ते आत मिसळतात. म्हणून पॅटीच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सियस आणि कोंबडीच्या खिम्यात ७४ अंश गाठावेच लागतात. इतक्या उष्णतेत बोकडाचे मांस रस सोडते. ब्रेडची एक चकती दोन मोठे चमचे दुधात कुस्करून खिम्यात घातली की तिच्यातला स्टार्च तो रस धरून ठेवतो. बेसन नको, त्याची कच्चट चव एवढ्या वेळात जात नाही. अंडेही नको, त्याने पॅटी घट्ट होते.

मसाला आणि दूध-ब्रेड पसरलेला खिमा बोटांच्या टोकांनी वरखाली करावा, मुठीत दाबू नये. अर्ध्या किलोच्या पाच पॅट्या होतात. प्रत्येक पॅटी पावापेक्षा बोटभर रुंद थापावी आणि मधोमध अंगठ्याने उथळ खळगा करावा. भाजताना कडा आधी आकसतात आणि मधला भाग फुगून वर येतो. खळगा असला तर पॅटी सपाट राहते. बिडाचा तवा चांगला तापवून मीठ-मिरे लावलेली पॅटी टाकावी आणि तळाला तपकिरी पापुद्रा धरेपर्यंत हलवू नये. मध्यम ते मोठ्या आचेवर एका बाजूला चार-पाच मिनिटे लागतात. उलथन्याने दाबण्याची सवय इथे महागात पडते, कारण चुर्र आवाज करत तव्यावर जाते ती आतली चरबी आणि रस. पॅटी उतरवल्यावर त्याच तव्यावर, त्याच चरबीत पाव कापलेल्या बाजूने शेकून घ्यावा. सोबत कांद्याची चकती, लिंबू आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. गोड टोमॅटो सॉस सावजी मसाल्याशी जुळत नाही.

कोंबडीच्या पॅटीला मांडीचा खिमा घ्यावा, छातीचा नव्हे. कोंबडीचा खिमा मुळात चिकट असल्याने मिठाचा नियम इथे आणखी कडक पाळावा.

सोयाबीनची पॅटी. विदर्भ सोयाबीनचा प्रदेश आहे आणि शाकाहारी घरांत सोया चुऱ्याची पॅटी होते. तिचे गणित उलटे चालते. चुऱ्यात मायोसिन नाही, चरबीही जवळजवळ नाही, त्यामुळे मिठाने तो चिवट होण्याची भीती नसते आणि आपोआप बांधलाही जात नाही. म्हणून मीठ भिजवण्याच्या गरम पाण्यातच घालावे, चुरा घट्ट पिळावा, उकडलेला बटाटा किंवा डाळ्याचे पीठ बांधणीला घ्यावे आणि हवे तेवढे मळावे. परतलेला सावजी मसाला इथे दुपटीने लागतो, कारण चुऱ्याला स्वतःची चव फारशी नसते, आणि तेल आत घालावे लागते: २०० ग्रॅम भिजवून पिळलेल्या चुऱ्याला दोन मोठे चमचे.