ब्रह्मानंद शंखवाळकर : गोलपोस्टपासून प्रशिक्षणापर्यंतचा प्रवास

ब्रह्मानंद शंखवाळकर (जन्म 6 मार्च 1954, ताळगाव, गोवा) हे भारताचे माजी फुटबॉल गोलरक्षक, भारतीय संघाचे माजी कर्णधार आणि नंतरचे गोलकीपिंग प्रशिक्षक. अर्जुन पुरस्कार (1997) आणि पद्मश्री (2022) हे दोन्ही सन्मान त्यांना मिळाले आहेत. गोवा, कोकण, बेळगाव, मुंबई आणि मराठी माणूस जिथे जिथे जाऊन वसला तिथल्या फुटबॉलप्रेमींमध्ये ते नुसत्या 'ब्रह्मानंद' या नावानंच ओळखले जातात.

सुरुवात

ताळगाव हे पणजीला लागून असलेलं गाव. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा ब्रह्मानंद सात वर्षांचे होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गोव्याचं फुटबॉल झपाट्यानं वाढलं. खाण व्यवसायातल्या कंपन्यांनी संघ उभे केले, चांगल्या खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. त्यामुळे फुटबॉल हा गावच्या फेस्ताचा आणि रविवारचा खेळ राहिला नाही. पोट भरायची सोय झाली म्हटल्यावर घरचेही 'खेळ' म्हणू लागले. ब्रह्मानंद पणजीच्या पानवेल क्लबकडून पुढे आले आणि 1974 च्या सुमारास वास्कोच्या साळगावकर संघात गेले.

साळगावकरचा भरवशाचा माणूस

साळगावकरशी त्यांचं नातं दीड दशकाहून जास्त काळ टिकलं. आज खेळाडू दर मोसमाला संघ बदलतो, त्या हिशेबानं हे नवलच वाटेल. याच काळात, 1988 मध्ये, साळगावकर हा फेडरेशन चषक जिंकणारा गोव्याचा पहिला क्लब ठरला. पुढच्याच वर्षी त्यांनी तो चषक राखलाही. कारकिर्दीच्या अखेरीस ब्रह्मानंद चर्चिल ब्रदर्सकडूनही खेळले.

संतोष ट्रॉफी : न खाल्लेला गोल

संतोष ट्रॉफी ही राज्य संघांची राष्ट्रीय स्पर्धा 1941 पासून चालू आहे आणि तिच्यावर बंगालचा दबदबा राहिला आहे. 1982-83 च्या मोसमात अंतिम लढतीचा निकाल न लागल्यानं गोवा आणि बंगाल संयुक्त विजेते ठरले. गोव्याचं हे पहिलंच विजेतेपद, पण अर्धं.

ते पूर्ण झालं पुढच्या मोसमात, मद्रासला. ब्रह्मानंद यांच्या नेतृत्वाखाली गोव्यानं अंतिम सामन्यात पंजाबला 1-0 असं हरवलं. आजही सांगितली जाते ती गोष्ट वेगळी आहे : त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्यानं एकही गोल खाल्ला नाही. गोलरक्षकच कर्णधार असलेल्या संघाला याहून चांगलं प्रशस्तिपत्र कोणतं? स्ट्रायकरनं पाच संधी घालवल्या आणि सहावी साधली तर तो हिरो ठरतो. गोलकीपरनं पाच अडवले आणि सहावा सुटला तर चर्चा सहाव्याचीच होते.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते भारतीय संघातून खेळले आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी देशाचं नेतृत्वही केलं. त्या काळात राष्ट्रीय संघात कोलकात्याच्या मोठ्या क्लबांचे खेळाडू जास्त असायचे. भास्कर गांगुली यांच्यासारखा नावाजलेला गोलरक्षक समोर असताना गोव्यातून येऊन ती जागा मिळवणं सोपं नव्हतं.

खेळाडूचा प्रशिक्षक

निवृत्तीनंतर ब्रह्मानंद यांनी गोलरक्षक घडवण्याचं काम हाती घेतलं आणि भारतीय संघाच्या गोलरक्षकांनाही मार्गदर्शन केलं. ते स्वतः खेळत होते तेव्हा आपल्याकडे गोलकीपरसाठी वेगळा कोच ही चैन होती. बाकीचा संघ सराव करायचा, गोलकीपर त्यांचे शॉट अडवायचा, तोच त्याचा सराव.

गोलकीपरचं शिक्षण मात्र वेगळं असतं. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. एवढी जागा एका माणसानं झाकायची तर उडी मारण्याआधी उभं कुठे राहायचं हे कळावं लागतं. चेंडूकडे दोन पावलं पुढे सरकलं की कोन आवळतो आणि समोरच्याला गोल लहान दिसू लागतो. क्रॉसला बाहेर यायचं की रेषेवर थांबायचं, हे क्षणात ठरवावं लागतं. बचावफळीला आवाज देणं हेही त्याचंच काम, कारण पूर्ण मैदान समोर दिसणारा संघातला माणूस तोच.

ब्रह्मानंद यांची कारकीर्द संपत आली आणि नियमही बदलले. 1992 पासून सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येईना. गोलकीपरला पायानं खेळता येणं सक्तीचं झालं. 2025 पासून तर चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात धरला की प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. म्हणजे नव्या गोलकीपरला शिकवायचं तर जुन्या अनुभवावर नव्या नियमांची भर घालावीच लागते.

सन्मान

1997 चा अर्जुन पुरस्कार त्यांना खेळणं थांबल्यावर मिळाला, पद्मश्री तर 2022 मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. उशीर झाला असं गोव्यात अनेकांना वाटतं, आणि ते खोटं नाही.

पांडेसऱ्यातल्या पोरांसाठी

सुरतच्या पांडेसरा, उधना, लिंबायत भागात खान्देशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. डाइंग-प्रिंटिंग मिलच्या पाळ्या, दाटीवाटीची वस्ती, मोकळी जागा कमी. मुलं खेळतात ते बहुतेक क्रिकेट. फुटबॉल निघालाच तर ज्याला पळायचा कंटाळा त्याला गोलात उभं करतात. ब्रह्मानंद यांचा प्रवास वाचून निदान ती समजूत बदलावी.

शिकवण्यात रस असलेल्यांसाठीही वाट आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्सपासून सुरुवात होते. पुढे आशियाई महासंघाची सी, बी, ए अशी पायरी असते आणि गोलकीपिंगचे अभ्यासक्रम वेगळे आहेत. राष्ट्रीय संघातून खेळलेलं असणं ही डी लायसन्सची अट नाही. अभ्यासक्रम कधी आणि कुठे आहेत याची चौकशी सुरतकरांनी गुजरात राज्य फुटबॉल संघटनेकडे करावी, तर नंदुरबार, धुळे, जळगावकडच्यांनी महाराष्ट्राच्या राज्य संघटनेकडे.