शिरूरचा मासा, विलायतेचं रीळ

शिरूर म्हटलं की इतिहासाची आवड असणाऱ्याला ३१ डिसेंबर १८१७ ची रात्र आठवते. कॅप्टन स्टाँटनची पलटण इथल्या छावणीतून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला भीमेकाठी लढाई झाली. मला मात्र शिरूर म्हटलं की एक मासा आठवतो. माझ्या जुन्या चक्र्यांच्या नादाची गोष्ट त्या माशापासूनच सुरू करावी लागते.

लढाईनंतर काही वर्षांनी, १८२४ मध्ये, मुंबई सरकारने विल्यम हेन्री साईक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. माणूस भलताच चौकस. नेमून दिलेल्या कामाबरोबर त्याने इथले पक्षी टिपले, मासे टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कामकाजात छापून आला. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे बऱ्याच माशांना त्याने लॅटिन मुलाम्याखाली इथलीच नावं ठेवली. खुदरी, कोळस, फुलंगी, शिंगटी. खुदरी म्हणजे आपल्याकडचा महाशीर. तो त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. आणि 'मसुल्ला' नावाचा दुसरा मोठा मासा मिळाला तो शिरूरला, घोड नदीत.

आता महाशीर आणि रीळ यांचं नातं. (रीळ म्हणजे शिवणाच्या दोऱ्याचं नव्हे. काठीच्या मुठीपाशी बसवलेली, दोर गुंडाळायची चक्री.) तळ्यातला मासा गळाला लागला तर काठीला बांधलेल्या चार हात दोरावर भागतं. महाशीर तसा नाही. गळ लागल्याबरोबर तो खडकाळ प्रवाहातून जो सुटतो तो थांबायचं नाव घेत नाही. त्याला दोर द्यायचा, पण फुकट द्यायचा नाही. प्रत्येक हातामागे थोडी किंमत वसूल करायची. हे काम चक्रीचं. मद्रास सनदी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमसने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हिंदुस्थानातले साहेब लोक महाशीरमागे लागले ते लागलेच. थॉमसबद्दल मला आदर वाटतो, कारण त्याआधी १८७० सालीच त्याने दक्षिण कॅनरातल्या मत्स्यसंवर्धनावर सरकारला अहवाल दिला होता. मासा संपू शकतो, हे त्याला कळत होतं.

इंग्लंडात नॉर्दम्बरलंडमध्ये अल्न्विक नावाचं गाव आहे (म्हणताना नुसतं 'अ‍ॅनिक' म्हणतात). तिथल्या हार्डी बंधूंची पेढी १८७२ ची. त्यांनी १८९१ च्या सुमारास 'परफेक्ट' नावाची चक्री काढली आणि १८९६ मध्ये 'सायलेक्स'. परफेक्टमध्ये सायकलसारखे छर्रे बसवलेले होते. सायलेक्समध्ये दोराचा ताण कमीजास्त करायची सोय होती, त्यामुळे चमचा किंवा खोटा मासा थेट चक्रीवरूनच लांब फेकता यायचा. दोन्हींच्या आत भाग किती, तर दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. एक आस, त्यावर फिरणारी चाकी, एक दातेरी चक्र, आणि सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये मेकॅनिक ज्याला 'कुत्रा' म्हणतो तसा एक कुत्रा. चक्री उलटी फिरू लागली की हा कुत्रा दात्यांवरून करकरतो. तोच तिचा आवाज, आणि थोडाफार तोच तिचा ब्रेक.

या वस्तू आमच्या भागात येऊन पडल्या त्या रेल्वेमुळे. १८५० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून पुढे दौंडकडे गाडी धावू लागली आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा झाल्यावर दौंड जंक्शन बनलं. इंजिनं, शेड, कॉलनी, आणि कॉलनीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-फोरमन मंडळी. नदी हाकेच्या अंतरावर. स्वातंत्र्यानंतर यातली अनेक घरं ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, कॅनडाकडे गेली. जाताना पियानो, बंदुका, कुत्री आणि मासेमारीचं सामान इथेच वाटलं, विकलं. माझ्याकडची सायलेक्स अशाच एका घरातून दोन हात फिरून आलेली आहे. तिची एक मूठ मूळची नाही. शेडमधल्या कुणा टर्नरने लेथवर बनवून दिलेली आहे, आणि खरं सांगायचं तर ती मूळच्या मुठीपेक्षा हातात बरी बसते.

हा सगळा शौक साहेबी होता, हेही सांगायला हवं. भोई आणि कोळी चक्रीशिवाय, जाळ्याने आणि नुसत्या हातातल्या दोराने साहेबापेक्षा जास्त मासे काढायचे. साईक्सच्या निबंधातली नावं तरी कुणाच्या तोंडची होती? त्याचं श्रेय कुठल्या कॅटलॉगात नाही.

शिरूर-दौंड भागात जुन्या चक्र्यांच्या नादाला लागलेले आम्ही पाच-सहा जण आहोत. एक निवृत्त रेल्वे गार्ड, एक घड्याळजी, एक रांजणगाव एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करणारा तरुण, असे. जमलो की "आता असं बनत नाही" हे वाक्य येतंच. मी यावर थोडा वाद घालतो. कारण जुनं सगळंच टिकाऊ नव्हतं. बेकलाइटच्या चक्र्या नायलॉनचा तंगूस आल्यावर पटापट फुटल्या. नायलॉन ताणला की लांबतो, गुंडाळल्यावर पुन्हा आखडतो, आणि शेकडो वेढ्यांचा दाब एकत्र येऊन चाकीच्या कडा फाकवतो. फुटल्या त्या भंगारात गेल्या. आपल्या हाती उरतात त्या न फुटलेल्या, आणि त्यांच्याकडे बघून आपण सगळ्या पिढीला टिकाऊ ठरवतो.

आमच्या घड्याळजींचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मला पटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या दोन चक्र्यांनी नाव काढलं, त्या दोन्ही घड्याळवाल्यांच्या मुलखातल्या. स्वीडनमधल्या स्वेंगस्टाची 'आबू' ही कंपनी १९२१ मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणून सुरू झाली, पुढे टॅक्सीचे मीटर करू लागली आणि मग चक्र्यांकडे वळली. तिची लाल 'अँबॅसडर' १९५० च्या दशकातली. फ्रान्समधली 'मिचेल' बनली क्लूझ गावात, जिथे घड्याळाचे सुटे भाग करणं हाच गावाचा धंदा. घड्याळवाला वस्तू करतो ती ती पुन्हा उघडली जाणार हे गृहीत धरून. स्क्रू काढा, साफ करा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, कमान बदला, बंद करा. आमचे घड्याळजी आबूचे चामड्याचे वायसर चपलेच्या कातड्यातून कापून देतात. (ही चक्री घड्याळाच्या चार पट मोठी, तेव्हा हे काम म्हणजे विश्रांती, असं त्यांचं मत.)

पण उघडता येणं एवढंच पुरेसं नव्हतं. उघडायची गरजही पडावी लागते. १९५६-५७ मध्ये देशात परकीय चलनाची टंचाई आली आणि चैनीच्या वस्तूंची आयात जवळपास बंद झाली. ग्राहकोपयोगी मालावरचे उरलेसुरले निर्बंध उठले ते थेट एप्रिल २००१ मध्ये. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं नवी चक्री हवी तर बोटीवरचा खलाशी गाठा, आखातातल्या नातेवाइकाला चिठ्ठी लिहा, नाहीतर मुंबईच्या चोरबाजारात नशीब अजमावा. हे जमणारे थोडे. बाकीच्यांनी आहे तीच चक्री जपली, दुरुस्त केली, मुलाला दिली. इंग्लंडात एखादी सायलेक्स काचेच्या कपाटात जाऊन बसली असेल. आमच्याकडे ती पाण्यावरच राहिली, कारण दुसरी नव्हतीच. अल्न्विकच्या कारागिराइतकाच आयातबंदीचाही या टिकाऊपणात वाटा आहे. आमच्या मंडळींना हे ऐकायला आवडत नाही.

या साऱ्या काळात नदीचं काय झालं, ते मात्र दुरुस्तीच्या पलीकडचं आहे. घोड नदीवर चिंचणीचं धरण १९६५ च्या सुमारास झालं. भीमेवर उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत आला. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, ती पुण्याचं सांडपाणी घेऊन. महाशीरला वाहतं, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतं. त्यातलं एकही उरलं नाही. साईक्सला खुदरी जिथे मिळाला त्या पाण्यात आज हात घालवत नाही.

खुदरी जगातून मात्र गेला नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात त्याची पैदास सुरू केली आणि तिथली पिल्लं देशभर गेली. कावेरीतही गेली. तिथे कुबड्या महाशीर होता. म्हैसूरच्या व्हॅन इंगेनने १९४६ मध्ये १२० पौंडांचा धरला, तो त्याच जातीचा. आज तो कुबड्या नामशेष होण्याच्या टोकाला आहे आणि त्यामागच्या कारणांत बाहेरून आणून सोडलेला खुदरीही धरला जातो. आपल्या नदीतून हद्दपार झालेला मासा दुसऱ्याच्या नदीत घुसखोर ठरावा, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

आणि शिरूरचा मसुल्ला? त्याला पुस्तकांत वर्षानुवर्षं महाशीरच्याच कुळात घालत होते. २०१३ साली अभ्यासकांनी साईक्सचं वर्णन पुन्हा बारकाईने तपासलं आणि तो महाशीर नव्हेच, वेगळ्या कुळातला आहे असं दाखवलं. आता त्याचं नाव हिप्सेलोबार्बस मसुल्ला. शास्त्रीय नोंदीत ठिकाण अजूनही तेच आहे, शिरूर, घोड नदी.

टूलरूमवाल्या पोराने गेल्या पावसाळ्यात माझ्या सायलेक्सला नवा कुत्रा करून दिला. जुना झिजून गुळगुळीत झाला होता. नवा कडक पोलादाचा आहे, पन्नास वर्षं हलणार नाही असं तो छातीठोकपणे सांगतो. दिवाळीनंतर तिच्यावर पहिली लागली ती चिलापी, पाव किलोची. मी चक्री फिरवून ती बाहेर काढली. तिने एक वीतभरही दोर ओढला नाही, त्यामुळे नवा कुत्रा कसा वाजतो ते अजून कळायचं आहे.