विद्युत वाहनांवरील शासकीय सवलती आणि कामोठे वसाहत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

विद्युत वाहनांच्या खरेदीस शासनाने दिलेल्या प्रोत्साहनाचा इतिहास बहुधा २०१५ च्या केंद्रीय ‘फेम’ योजनेपासून सांगितला जातो. वस्तुतः नोव्हेंबर २०१० मध्येच केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अशा वाहनांच्या कारखाना-किमतीवर वीस टक्क्यांपर्यंत अनुदान देऊ केले होते. मार्च २०१२ मध्ये ते बंद होताच विद्युत दुचाकींची विक्री ढासळली. मागणी अनुदानाच्याच टेकूवर उभी होती, हे त्यातून उघड झाले.

पुढे महाराष्ट्राने २०१८ मध्ये व अधिक विस्ताराने जुलै २०२१ मध्ये स्वतःचे धोरण आखले. २०२५ पर्यंत नव्या वाहननोंदणीत विद्युत वाहनांचा वाटा दहा टक्के व्हावा, हे दुसऱ्या धोरणाचे उद्दिष्ट होते. रस्ता कर माफ झाला. दुचाकीस दहा हजारांपर्यंत, तर पहिल्या दहा हजार चारचाकींस प्रत्येकी दीड लाख रुपयांपर्यंत मूळ प्रोत्साहन ठरले. केंद्रानेही त्याच सुमारास, जून २०२१ मध्ये, दुचाकीचे अनुदान किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत वाढविले होते. त्यामुळे ‘एमएच-४६’ क्रमांकाची दुचाकी घेणाऱ्या पनवेलकराच्या पदरात दोन्ही सरकारांचे साहाय्य पडू शकत होते. राज्यातील वीज मुख्यतः कोळशावर निर्माण होते, ही गोष्ट मात्र या हिशेबात क्वचितच मांडली जाई.

सिडकोने विकसित केलेल्या कामोठ्यात हे साहाय्य पोहोचले, तरी प्रश्न वेगळ्याच ठिकाणी अडतो. खांदेश्वर व मानसरोवर स्थानकांलगतच्या या वसाहतीत स्वतंत्र अंगणाची घरे थोडी, बहुमजली इमारती फार. वाहन इमारतीखाली उभे राहते. वीजमीटर सामाईक मीटर-खोलीत असतो. तेथून स्वतःच्या जागेपर्यंत तार ओढावयाची, तर सहकारी गृहनिर्माण संस्थेला विश्वासात घ्यावे लागते. दुचाकीची सुटी बॅटरी घरात नेता येते, मोटारीची नाही. एप्रिल २०२२ पासून नव्या निवासी प्रकल्पांतील किमान वीस टक्के वाहनजागा चार्जिंगयोग्य ठेवण्याची तरतूद २०२१ च्या धोरणात होती खरी, परंतु कामोठ्याच्या बहुतेक इमारती त्यापूर्वीच्या. खासगी चार्जिंगची सोय करणाऱ्यांना मालमत्ता करात सूट देण्यास स्थानिक संस्थांनी पुढे यावे, असेही धोरण सुचविते. येथे ती सूचना विचित्र भासते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेने पूर्वलक्षी प्रभावाने मालमत्ता कराची देयके धाडली. त्या काळात सिडकोस सेवाशुल्क भरलेल्या रहिवाशांनी हा दुहेरी भार असल्याची हरकत घेतली. जो करच वादग्रस्त, त्यातील सवलतीचे आकर्षण कितीसे असणार?

दरम्यान जून २०२३ मध्ये केंद्राच्या दुचाकी-अनुदानाची मर्यादा पंधरा टक्क्यांवर आली आणि मार्च २०२४ अखेर ‘फेम’चा दुसरा टप्पा संपला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या नव्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर विद्युत मोटारींना पथकरमाफी जाहीर केली. द्रुतगती मार्गाचा आरंभ कळंबोलीस, म्हणजे कामोठ्याच्या शेजारीच होतो. पुण्याहून पथकर न भरता परतलेली मोटार रात्री मात्र इमारतीच्या खांबांमध्येच उभी राहते, आणि तिच्यासाठी तार ओढावी की नाही हे संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठरते.